हरीशेठचा टोन

हरीशेठ म्हात्रेचं नाव निघालं की मला आधी राग येतो. बाकीचं सगळं, म्हणजे त्याचं गडगडाटी हसणं, त्याची गिटार, त्याच्या घरची कोलंबी, हे मागाहून येतं. माझी बहीण म्हणते, "अगं, गेलेल्या माणसावर कसला राग धरतेस?" तिला काय जातंय बोलायला! तिने त्याला कधी वाजवताना ऐकलेलं नाही. आणि शेवटी शेवटी आम्ही सगळ्यांनी त्याच्यापुढे किती डोकं फोडलं, तेही तिने बघितलेलं नाही.

मी वर्तकनगरची. कॉलेजात अकाउंट्स शिकवते आणि शनिवार-रविवार गाते. ऑर्केस्ट्रांचे दिवस संपले तसे आम्ही गाणारे लोक हळदीच्या कार्यक्रमांकडे वळलो. ठाण्यापासून पार कल्याणच्या पलीकडपर्यंत आगरी-कोळ्यांच्या गावांत लग्नाच्या आदल्या दिवशी हळद असते, आणि हळद म्हटली की बेंजो पार्टी आलीच. बेंजो, ढोल, कीबोर्ड आणि गाणारे. हरीशेठच्या पार्टीत मात्र बेंजो नव्हता. त्या जागी तो स्वतः इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहायचा. कोणी विचारलंच, "शेठ, बेंजो कुठाय?" तर गिटारीवर थाप मारून म्हणायचा, "ह्यो काय, हिच्या पोटात बसलाय!"

त्याला शेठ म्हणायचे ते उगाच नाही. बाळकुममध्ये त्याच्या वडिलांची जमीन होती, तिच्यावर आता टॉवर उभे आहेत. त्यातल्याच एका टॉवरमध्ये हा वरच्या मजल्यावर राहायचा, खालचे फ्लॅट भाड्याने दिलेले. पांढराशुभ्र शर्ट, गळ्यात बोटाएवढी जाड साखळी, पायात जाड रबरी सोलचे बूट. कमाईची गरज शून्य. हळदीचा कार्यक्रम घ्यायचा तो फक्त एका गोष्टीसाठी, आणि ती गोष्ट म्हणजे टोन. हा शब्द तो इतक्या वेळा वापरायचा की ढोलवाली पोरं त्याच्या पाठीमागे त्याला 'टोनशेठ' म्हणायची. त्यालाही ते माहीत होतं. तो खूश असायचा.

मी पहिल्यांदा त्याच्याकडे गेलेले तेव्हा मला वाटलं, आवाज ऐकायला बोलावलंय, तर माइक असेल, कीबोर्डवाला असेल. कसलं काय! बेडरूममध्ये गाद्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या, मध्ये एक जुना काचेच्या व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर, आणि शेठ मांडीवर गिटार घेऊन बसलेला. मी म्हटलं, "माइक कुठे आहे?" तर त्याने गिटारच माझ्या तोंडासमोर धरली.

"ह्यात गा."

"यात? हरीशेठ, गिटार आहे ती."

"मना म्हाइत हाय गिटार हाय. तारांजवल तोंड न्या आनि गा."

गिटारीच्या तारांखाली लोहचुंबकं असतात आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. त्यालाच पिकअप म्हणतात. वरची तार हलली की पिकअपला ते कळतं आणि आवाज अॅम्प्लिफायरमध्ये जातो. कंपनीवाले ते गुंडाळे वितळलेल्या मेणात बुडवून काढतात, म्हणजे ते घट्ट बसतात आणि तारांशिवाय दुसरं काही ऐकत नाहीत. हरीशेठने ते मेण काढून टाकलेलं. "मेन काढला ना, का ती बहिरी राहत नाय," असं त्याचं म्हणणं. मी दोन ओळी गायल्या. समोरच्या अॅम्प्लिफायरमधून माझा आवाज आला, पण बारीक, लांबून, नाकातून. मला ते अजिबात आवडलं नाही. आपलाच आवाज दुसऱ्या कुणाच्या तरी घशातून येतोय असं वाटलं.

शेठ डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, "जवल आलाय. पन ती नाय अजून."

"ती म्हणजे कोण?"

"माजी आयस."

त्याची आई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवला म्हणतात, म्हणजे लग्नाची जुनी गाणी, आणि ती म्हणणारी बाई मानाची असते, तिच्याशिवाय लग्न लागत नसे. हरीशेठ तिच्या मांडीवर झोपून ही गाणी ऐकत वाढलेला. नाकातून निघणारा, वरच्या सुराला फाटणारा, आणि जिथे फाटायचा तिथेच गोड लागणारा आवाज होता म्हणे. कोणी तो रेकॉर्ड करून ठेवला नाही. आई गेली, आवाज गेला. आणि हा माणूस तो आवाज गिटारीतून काढायला बसलेला.

त्यासाठी काय काय केलं त्याने! बाजारातले पिकअप त्याला पटेनात म्हणून स्वतः गुंडाळायला लागला, तेही बायकोच्या, चंदावहिनींच्या, हाताने फिरवायच्या शिवणयंत्रावर. मशीनच्या चाकाला पिकअप चिकटवायचा, एका हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून ती बारीक तार सोडायची. जरा ताण जास्त झाला की तुटली. मग एक अस्सल शिवी, आणि पुन्हा पहिल्यापासून. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "लोकांचे ब्लाउज परलेत माजे, आनि ह्या मानसाचा आपला सूत कातना चाललाय!" कानावर पेन्सिल ठेवावी तसा त्याच्या कानावर कायम स्क्रूड्रायव्हर असायचा. कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मध्ये वाकून पिकअपचा एक स्क्रू पिळायचा, जाड तारेच्या बाजूने खाली, बारीक तारेच्या बाजूने वर. "जाड तारेला लोहचुंबक खेटला का ती गुदमरते," असं गंभीरपणे सांगायचा, घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलावं तसा.

माजिवड्याला एक मासेवाली बसायची. तिचा आवाज त्याला आईसारखा वाटायचा. तिने ओरडावं म्हणून हा मुद्दाम तिच्याशी घासाघीस करायचा, आधीच स्वस्त असलेल्या बोंबलांचा भाव आणखी पाडून मागायचा. ती कडाडली की हा मान तिरकी करून ऐकत राहायचा आणि शेवटी तिने सांगितलेल्या भावाला पाटी उचलायचा. एकदा मी बरोबर होते. ती मला म्हणाली, "बाय, ह्यो मानूस येरा हाय का गो?" येरा म्हणजे वेडा, आगरी बोलीत 'ड'चा 'र' होतो. शेठ म्हणाला, "बगा, 'गो' म्हनताना कशी फाटली ती!" गाडीत वर्तकनगरपर्यंत बोंबलांचा वास. हसून हसून पोट दुखलं माझं.

तेव्हा हसलो आम्ही. हसण्यासारखं तोवरच होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. तो एकेरी गुंडाळ्याचे पिकअप वापरायचा, कारण तोच आवाज मोकळा आणि धारदार. दुहेरी गुंडाळ्याचे मिळतात, पण त्यांचा आवाज पांघरुणातून बोलल्यासारखा. एकेरीची भानगड अशी की ते घुमतात. जवळपासच्या विजेची घूं त्यांच्यात शिरते. ह्या घूंला हरीशेठ पावना म्हणायचा. स्टेजवर उभा राहिला की आधी कान द्यायचा आणि आमच्या साउंडवाल्याला हाक मारायचा, "सावंत, पावना आलाय रं, भायेर कार त्याला!"

सावंत कल्याणचा. कमी बोलणारा, कपाळाला टिळा, वायरींची गुंडाळी आईने वेणी घालावी तशी नीट घालणारा. त्याचं साउंड जनरेटरवर चालायचं, रीतसर अर्थिंग करून. शेठच्या अॅम्प्लिफायरलाही अर्थिंग, आणि दोन्ही एकमेकांना जोडलेले. अशा दोन वाटा झाल्या की घूं वाढते, हे सावंत समजावून सांगायचा, आणि ते काढायचा उपायही सांगायचा, पण त्याला वेळ आणि सामान लागायचं. हरीशेठला धीर कुठला! त्याने एके दिवशी पक्कड घेतली आणि प्लगची जी मोठी तिसरी पिन असते, अर्थिंगची, ती कापून टाकली. घूं गेली. शेठने कापलेली पिन सावंतच्या हातात ठेवली.

सावंतने ती पिन कितीतरी वेळ बघितली. "शेठ, ही शोभेला नसते. अॅम्प्लिफायर जुना आहे. आत कधी करंट उतरला, तर तो सरळ तुमच्या तारांवर येणार, आणि तुम्ही अर्थिंगच्या कशाला शिवलात की तुमच्यातून जाणार."

"बूट हाय ना पायान," म्हणत शेठने रबरी सोल आपटून दाखवला. सगळे हसले. सावंत हसला नाही.

मग डोंबिवलीच्या पुढच्या एका गावातली ती हळद. जनरेटर ऐन वेळी बंद पडला, म्हणून शेजारच्या खांबावरून वायर ओढलेली, प्लगसुद्धा नाही, उघड्या तारा सॉकेटात काड्या खोचून बसवलेल्या. मांडवातले दिवे पिवळे, मंद. हरीशेठ गिटार वाजवता वाजवता "नवऱ्याचे मामा कुठं हायत?" असं माइकवर म्हणायला वाकला आणि त्याचा ओठ माइकला लागला. चटकन निळी ठिणगी मी माझ्या डोळ्यांनी बघितली. तो मागे फेकला गेल्यासारखा झाला, ढोलवाल्याने सावरला. आणि हा बाबा ओठ पुसत माइकपासून लांबूनच ओरडला, "पावन्यानं मुका घेतला रं माजा!" मांडव हसून कोसळला.

त्याने पुन्हा वाजवायला घेतलं आणि ते झालं.

मी नाकारणार नाही. आला तो आवाज. नाकातला, वर जाऊन फाटणारा, फाटलेल्या जागी गोड. ढोलवाल्याचे हात आपोआप हळू झाले. बायकांमध्ये बसलेली एक म्हातारी उठून उभी राहिली, तिला दिसत नसावं नीट, शेजारणीला विचारायला लागली, "ही कोन गाते गो? कोन गाते ही?" मी गाणारी बाई, माइक माझ्या हातात, आणि मी तर तोंड मिटून उभी! मला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. शेठचा चेहरा रडवेला झालेला आणि ओठावर काळा डाग.

परतताना गाडीत तो एकच वाक्य बोलत होता, "करंट होता म्हनून ती आली." त्याच्या डोक्यात पक्कं बसलं, की तारांवर करंट उतरला म्हणून टोन आला.

सावंतने दुसऱ्या दिवशी घरी येऊन सगळं उलगडून सांगितलं. करंटचा काही संबंध नाही. खांबावरची लाइन अशक्त होती, व्होल्टेज पडलेलं, व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरला पोटभर मिळालं नाही म्हणून त्याचा आवाज असा थकून फाटला. "उपाशी होता तो, बाकी काही नाही." आणि नुसतं सांगून थांबला नाही. व्होल्टेज हवं तेवढं कमी करता येतं असं एक यंत्र घेऊन आला, अॅम्प्लिफायर उघडून साफ केला, नवीन प्लग लावला, अर्थिंगसकट, घूंही घालवली. दिवसभर खपला बिचारा. वहिनींनी त्याला जेवायला वाढताना दोनदा भाकरी वाढली. मग शेठने वाजवलं. मला विचाराल, तर तोच आवाज होता. केसाचाही फरक नव्हता.

हरीशेठने मान हलवली. "गोर हाय. पन मेलेला हाय."

सावंत निघून गेल्यावर त्याने नव्या प्लगचीही पिन कापली.

त्यानंतर तो माणूस बदलला. हसायचा, पण मध्येच थांबून कान द्यायचा. कार्यक्रम ठरला की पहिला प्रश्न, लाइन कुठली आहे? चांगली लाइन असली तर नाराज. मोडक्या खांबाचं, गळक्या वायरीचं गाव असलं तर खूश. वाजवायच्या आधी उलट्या हाताने तारांना हलकेच शिवायचा आणि मुंग्या आल्या की समाधानाने मान डोलवायचा. आम्ही त्याच्यापासून लांब उभे राहायला लागलो. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, पण स्टेजवर त्याच्याभोवती जागा मोकळी राहायला लागली. हा एक दिवस जाणार, हे ढोलवाल्या पोरांनासुद्धा कळत होतं. फक्त कुठल्या गावात, एवढंच माहीत नव्हतं.

वहिनींनी एकदा मला स्वयंपाकघरात ओढलं. हात ओले, डोळे ओले. "मेधाताई, तुमी सांगा त्यांना. मी बोलले का फक्त हसतान. मना झोप येत नाय वो."

सांगितलं. सांगितलं कसलं, भांडलेच. "हरीशेठ, मुलीचं लग्न ठरलंय तुमच्या. जरा तरी लाज बाळगा! तुम्हाला काही झालं तर काय करायचं तिने?"

तो चिडेल असं वाटलेलं. तो शांतपणे बोलला. "ताई, रुपालीचे हलदीला धवला कोन म्हननार, सांगा ना. आमचेकरं एक धवलारीन राहिली नाय. नातीचे हलदीला आजीनं गायला नको?"

"गायला हवं ना. पण सावंतने करून दिलंय तसं गाऊ दे की आजीला!"

"त्याच्यान ती येत नाय."

"ती कशातच येत नाही, हरीशेठ. ती गेलेली आहे."

हे बोलायला नको होतं असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. तो माझ्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं करून म्हणाला, "येकदा. पोरीचे हलदीला येकदा वाजवतू. मंग सावंताला बोलवा आनि काय लावायचा तो लावा. शप्पत." मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. शपथ कोणालाच खरी वाटली नव्हती, पण धरायला दुसरं काही नव्हतं.

रुपालीची हळद बाळकुमलाच, दोन टॉवरच्या मधल्या मैदानात. दुपार कलली होती, ऊन अजून होतं. टॉवरची लाइन भक्कम, म्हणून शेठने मुद्दाम जुन्या गावातल्या खांबावरून बारीक वायर ओढून आणलेली, लांबच्या लांब, म्हणजे सगळं डोंबिवलीसारखंच होईल. सावंतने येणारच नाही म्हणून सांगितलेलं. आला तरीही. त्याने अट घातली, शेठच्या पुढ्यात माइक राहणार नाही, शेठ तोंड उघडणार नाही, आणि ओल्या अंगाचं कोणी स्टेजवर चढणार नाही. स्टेजवर माइकचा एकच लोखंडी स्टँड होता, माझा, सावंतच्या अर्थिंगला जोडलेला, शेठच्या मागे डाव्या हाताला. सावंत स्वतः शेठची वायर दिसेल अशा जागी, पण मांडवाच्या पार त्या टोकाला, जनरेटरशी उभा.

हळदीला काय असतं सांगायला नको. पाणी, हळद, चिखल. लहानथोर सगळे भिजलेले, अनवाणी. मी माझी गाणी म्हटली. मग शेठने मला खूण केली, मी बाजूला झाले, आणि त्याने धवल्याची चाल धरली.

बायका रडायला लागल्या. खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्या पुढे सरकल्या. डोंबिवलीला आलेला आवाज, त्याच्याही पलीकडचा हा होता. शेठचे डोळे मिटलेले. आणि खालून रुपाली आली. हिरवी साडी चिंब, केसांतून पाणी गळतंय, दोन्ही हातांत ओली हळद. बापाच्या गालाला हळद लावायची, हे तर सगळ्याच मुली करतात. तिला कोण अडवणार? ती स्टेजवर चढली.

शेठने डोळे उघडले. मी त्याचं तोंड बघितलं. "रुपा, लांब हो! हात नको लावू!" तो ओरडला, पण ढोल एवढा जोरात होता की मलाच जेमतेम ऐकू आलं. आपला बाप हळद चुकवतोय म्हणून ती हसायला लागली. खालचे लोकही हसायला लागले, शिट्ट्या मारायला लागले. ती एक पाऊल पुढे, तो एक पाऊल मागे. ती पुढे, तो मागे. मी सावंतच्या नावाने बोंब मारली. सावंत कधीच धावत सुटलेला, पण मध्ये सगळं गाव नाचत होतं.

माझा राग इथे आहे, तो इथून हलत नाही. त्याने तारांवरून हात काढायचा होता. बस! दुसरं काही नाही. हात काढला असता तर रुपालीने हळद लावली असती आणि संध्याकाळी सगळे जेवले असते. पोरीपासून तो जिवाच्या आकांताने मागे सरकत होता, बाप होता ना तो, पण हात त्याने वाजवताच ठेवला. चाल संपायला थोडी उरली होती.

त्याची पाठ माझ्या स्टँडला लागली.

रुपालीचा हात लागायच्या आत सावंतने वायर उपटली, आम्ही शेठला आडवा केला, छाती दाबली, हॉस्पिटलला नेला, ते सगळं झालं, आणि त्यातल्या कशाचाच उपयोग झाला नाही. मला मात्र ते आठवत नाही. वायर निघायच्या आधीचा तो थोडासा वेळ आठवतो. शेठ ताठ उभा, मान वर, बोटं तारांवर आवळलेली, आणि गिटारीतून एकच वरचा सूर निघालाय, थांबतच नाही. एवढा लांब सूर त्याने कधी धरला नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. आणि त्याच्या समोर, हळदीने भरलेले दोन्ही हात पुढे करून, रुपाली हसत म्हणत होती, "पप्पा, आता कुठे पळाल?"